पंचफुलाबाईनं दिलेली जबान

वाशीमच्या आमच्या गल्लीत पंचफुलाबाईचं नाव काढलं की जुनी माणसं अजून तोंड वाकडं करतात. "तिनंच संप फोडला," म्हणतात, आणि पान थुंकतात. थुंकोत. यांच्यापैकी एकानंही कधी सगळी हकीकत ऐकून घेतली नाही. मला ती माझ्या आईनं, सोजरबाईनं, सांगितली. आई तेव्हा पंचफुलाबाईच्या शेजारीच कामाला होती आणि जे झालं ते तिच्या डोळ्यांदेखत झालं. मी आता ते लिहितो आहे, तर लिहिताना मला राग येतो आहे, आणि तो गिळून लिहिणं मला जमत नाही.

त्या काळी वाशीम म्हणजे अकोला जिल्ह्यातला एक तालुका. दसरा झाला की चहूकडून कापसाच्या गाड्या येऊ लागत आणि गावाबाहेरच्या जिनिंग फॅक्टरीचा भोंगा सुरू होई. तिला सगळे नुसतं 'जीन' म्हणत. जिनात कामाच्या दोन बाजू. एका लांब पत्र्याच्या शेडमध्ये बाया यंत्रांपुढे उभ्या राहून हातानं कापूस सारायच्या; सरकी खाली गळायची, रुई पुढे निघायची. पलीकडे प्रेस होती. तिथे पुरुष त्या रुईच्या गाठी दाबायचे, बांधायचे. प्रेसवाल्याला जी मजुरी, तिच्या निम्मी बाईला. असं का, हे विचारायची रीत नव्हती.

पंचफुलाबाई आसेगावची लेक, लग्न होऊन वाशीमला आलेली. उंच, काळी, हाडापेरानं मजबूत. शेडमध्ये यंत्रांचा एवढा गोंगाट, की शेजारणीचं बोलणं शेजारणीला ऐकू येत नसे. पण पंचफुलाबाईचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. आपल्या यंत्राला ती सासूबाई म्हणायची. "दिलं तेवढं खाते, अन् वरून बोट मागते," असं म्हणून खदखदा हसायची. त्यात खोटं काही नव्हतं. रोलरमध्ये बोट गेलेल्या बाया गल्लोगल्ली होत्या. कापूस किती पुढे सारायचा आणि हात कधी मागे घ्यायचा, हे अंगात मुरायला एक हंगाम जायचा. नव्या बाईला पंचफुलाबाई आपल्या पुढ्यात उभी करायची, मागून तिचे दोन्ही हात धरायची आणि तसेच चालवून शिकवायची. माझी आई तशीच शिकली. हाजराबीही तशीच.

हाजराबी पिंजाऱ्यांच्या घरची. नवरा तापानं गेला, पदरात दोन लेकरं आणि आंधळी सासू. बोलायची कमी. गल्लीत पंचफुलाबाईच्या घराला लागून तिचं घर, मध्ये एक कुडाची भिंत. एकीच्या घरी कालवणाला फोडणी बसली की दुसरीला ठसका लागायचा. पंचफुलाबाईला मूलबाळ नव्हतं. हाजराबी कामाच्या गडबडीत असली की तिची पोरं पंचफुलाबाईच्या ओट्यावर जेवायची. त्यावर कोणी नाक मुरडलंच, तर ते तिच्यासमोर मुरडायची हिंमत होत नसे.

पंचफुलाबाईचा नवरा उकंडराव प्रेसमध्ये होता. गोरा, देखणा, तोंडात खडीसाखर. कितीही भांडण असो, उकंडराव मध्ये बसला की दोघेही हसत उठायचे. नवरा-बायकोचं चांगलं जमायचं, हेही सांगितलं पाहिजे. सुटी झाली की तो फाटकाशी तिची वाट पाहत थांबायचा आणि दोघं बरोबर घरी यायची. त्या काळात कोण थांबत होतं बायकोसाठी! बाया तिला चिडवायच्या, तीही लाजून घ्यायची. पुढे जे झालं ते यामुळेच जास्त लागलं.

सदतीस सालच्या निवडणुका झाल्या, नवं सरकार आलं, आणि मजुरांनाही वाटलं की आपलेही दिवस पालटतील. अकोल्याहून एक पुढारी आले. चिंचेखाली सभा झाली. युनियन निघाली आणि उकंडराव तिचा अध्यक्ष झाला. युनियननं काहीच केलं नाही असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पूर्वी जरा उशीर झाला की अर्ध्या दिवसाची मजुरी कापायचे, ते थांबलं. जमादार शिवी दिल्याशिवाय बोलत नसे. तो निदान आईवरून देईनासा झाला. एकाचा हात प्रेसमध्ये चेंगरला तेव्हा युनियननं मालकाकडून त्याला घरबसल्या पैसे मिळवून दिले. हे आधी कधी झालं नव्हतं.

आता युनियन म्हटली की वर्गणी आलीच. पण वर्गणी घ्यायची कशी, हे अकोल्याच्या पुढाऱ्यांनी सांगितलं ते कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. ते म्हणाले, माणशी. आमच्याकडे वर्गणी माणशी नसतेच, ती चुलीमागे असते. मरीमायचा भंडारा असो नाहीतर दर्ग्यावरची कंदुरी असो, एका चुलीची एक वर्गणी, आणि मग त्या घरातलं लहानथोर सगळं पंगतीला. ज्या घरात कमावता पुरुष नाही, त्या चुलीला वर्गणी माफ. पान मात्र तिचंही मांडलं जातं, उलट आधी मांडलं जातं. पिढ्यान्‌पिढ्या हेच. तेव्हा युनियनची वर्गणीही चुलीमागे बसली, आणि ती अर्थातच घरातल्या पुरुषाच्या नावावर. बायांना वाटलं, आपण झालो मेंबर.

वर्गणी गोळा व्हायची ती पंचफुलाबाईच्याच ओट्यावर. हाजराबी पदराची गाठ सोडत आली आणि नाणं पुढे केलं. पंचफुलाबाईनं तिची मूठ पुन्हा मिटवली.

"ठेव वं तुह्यापाशी. लेकरायले गूळ आन. रांडमुंड बाईपासून वर्गनी घ्याची आपल्यात रीत हाये का? काहो, घेता का तुमी?"

उकंडराव हसून म्हणाला, "तोबा तोबा! मरीमाय माफ करन पन तू नाही करनार." सगळे हसले. विधवा बाया सात-आठ होत्या, सगळ्यांची वर्गणी माफ झाली. हाजराबीनं नाणं पुन्हा पदराला बांधलं. "घेतलं असतं तं बरं झालं असतं, बाई," एवढं म्हणाली आणि गेली. तिला तरी पुढचं काय ठाऊक होतं? तिला फुकटचं आवडत नसे, इतकंच.

पुढच्या हंगामात प्रेसवाल्यांनी मजुरी वाढवून मागितली. मालक नाही म्हणाला. संप झाला. पुरुष सगळे बाहेर बसले, झेंडे लागले, भाषणं झाली, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मालकानं इंझोरीकडून गाडीभर धट्टेकट्टे गडी आणून प्रेस सुरू केली. गाठ दाबायला जोर लागतो, आणि जोर काय, खेड्यात कोणाच्याही अंगात असतो. संप तिथेच मेल्यात जमा होता.

मग कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, की रुईच निघाली नाही तर दाबतील काय? आणि यंत्रावर इंझोरीची बाई आणून उभी केली, तर संध्याकाळपर्यंत तिची बोटं जागेवर राहायची नाहीत. म्हणजे संप प्रेसवाल्यांचा, पण त्याचा जीव बायांच्या हातात. उकंडराव घरी आला, पाटावर बसला आणि बायकोला म्हणाला, "पंचफुले, आता तूच काय ते कर."

तिनं केलं. चूल चूल फिरली. ज्यांचे नवरे संपावर होते त्या बाया लगेच निघाल्या. विधवा बायांचं मात्र अवघड होतं. घरात कमावणारी तीच एक. ती बाहेर बसली तर खायचं काय? हाजराबी सगळ्यात शेवटी राहिली.

"मी आली तं सासू काय खाईन?" हाजराबीनं विचारलं.

"मी खाईन ते खाईन."

"अन् उद्या तुमचं मिटलं, अन् आमाले कोनी मधात घेतलं नाही तं?"

पंचफुलाबाईनं तिचा हात धरला. माझी आई तिथे उभी होती. आई सांगायची, पंचफुलाबाई त्या दिवशी हसली नाही, थट्टा नाही, काही नाही. म्हणाली, "हाजरा, जबान देतो तुले. बाहेर येऊ तं साऱ्या जनी, अन् संप सुटला का मधात जाऊ तंबी साऱ्या जनी. एक जरी बाहेर राह्यली तं मीबी बाहेर."

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला आणि शेड रिकामी राहिली. इंझोरीचे गडी हात चोळत बसले. आवारात कापसाचे ढीग वाढत गेले, गाड्या रस्त्यावर तटून राहिल्या. संप लांबला. हाजराबीची बकरी गेली, आमच्या घरातली परात गेली. पंचफुलाबाई रोज कोणाच्या ना कोणाच्या घरून पीठ मागून आणायची आणि त्या सात-आठ घरांत वाटायची. कोणी कुरकुरलं तर म्हणायची, "आपल्या घरच्याइले मजुरी वाढून राह्यली, त्याइले काय वाढून राह्यलं?" खरं तर बायांची मजुरी वाढवा असं कोणी मागितलंच नव्हतं. आधी प्रेसवाल्यांचं होऊ द्या, मग तुमचं बघू, असं ठरलं होतं. ठरवणारे अर्थातच प्रेसवाले.

एके दिवशी दुपारी उकंडराव आणि आणखी दोघं मालकाच्या बंगल्यावर गेले, आणि उन्हं उतरायच्या आत गुलालानं माखून परत आले. वाढ मिळाली होती! ताशे वाजले. उकंडरावाला खांद्यावर घेऊन सगळ्या गावातून मिरवलं. पंचफुलाबाईनं दारात त्याला ओवाळलं आणि नंतर सगळ्या बायांसोबत फुगडी घातली. आईच्या तोंडून मी हे शंभरदा ऐकलं असेल.

सकाळी बाया फाटकाशी जमल्या. फाटकावर जमादार उदयसिंग उभा. हा रोज नुसता मिशीला पीळ देत बसणारा माणूस, त्या दिवशी तो एकेकीला अडवून विचारत होता, "कोनाच्या घरची?" पंचफुलाबाई सगळ्यात पुढे. तिला त्यानं काही विचारलं नाही, उलट बाजूला झाला, अध्यक्षाची बायको. माझ्या आईनं माझ्या बापाचं नाव सांगितलं. जा आत. पुढचीनं नवऱ्याचं सांगितलं. जा. मग हाजराबी आली.

"कोनाच्या घरची?"

हाजराबीनं मेलेल्या नवऱ्याचं नाव सांगितलं. दुसरं काय सांगणार?

"तो कोठं हाये मेंबर?" उदयसिंग म्हणाला. "मेंबराच्या घरच्या बाया घ्या असा करार हाये. बाकीच्या नाही. तू हो बाजूले."

पंचफुलाबाई तोवर शेडपर्यंत पोचली होती. मागे गलका ऐकून ती वळली, धावत आली. उदयसिंगाशी भांडली, त्याच्या मिशीचा उद्धार केला. तो शांतपणे म्हणाला, "मले काय विचारतं बाई? तुह्या धन्याले विचार. त्यानंच अंगठा देला."

झालं होतं ते असं. मालक म्हणाला होता, वाढ देतो, पण पैसा काही झाडाला लागत नाही. प्रेसवर खर्च वाढला तर जिनावर कमी करीन. काही बाया कमी करतो, उरलेल्या बाया एकीला दोन यंत्रं बघतील. आता कमी कोणाला करायचं? युनियननं सांगितलं, आमच्या मेंबरांच्या घरातल्यांना हात लावायचा नाही. म्हणजे उरल्या कोण? ज्यांना वर्गणी माफ केली होती त्या. प्रेसवाल्यांची जी वाढ झाली, ती मालकाच्या खिशातून आलीच नाही. ती या सात-आठ जणींच्या ताटातून आली आणि आमच्या आयांच्या पाठीतून. माझ्या बापाच्या घरी त्या वर्षी पितळेची नवी घागर आली. आईनं ती कधी डोक्यावर घेतली नाही, मातीचीच वापरली.

पंचफुलाबाई फाटकाबाहेर आली. आत गेलेल्या बाया आतच राहिल्या. माझी आईही. तिचा मला राग नाही. घरी आम्ही चार पोरं होतो. पण पंचफुलाबाईनं वळून शेडकडे बघितलं, एकही बाहेर येत नाही हे बघितलं, ते आई मरेपर्यंत विसरली नाही.

घरी तिनं उकंडरावाला धरलं.

"हाजराचं काय केलं तुमी?"

"म्या काय केलं? तुही जागा हाये ना शाबूत?"

"म्या जबान देली होती तिले."

"तू देली, युनियननं थोडी देली," उकंडराव म्हणाला. त्याचा आवाज तेव्हाही गोडच होता. "अन् वर्गनी कोठं हाये तिची? बिना वर्गनीचा मेंबर असते काय? तूच तं मूठ मिटोली तिची. चार लोकायच्या समोर मिटोली."

पंचफुलाबाई बाहेर ओट्यावर जाऊन बसली. ज्या रीतीनं विधवेचं पान आधी मांडतात, त्याच रीतीनं विधवेला पंगतीतून उठवलं होतं, आणि उठवताना पंचफुलाबाईचाच हात पुढे केला होता. मला विचाराल तर उकंडराव मनानं दुष्ट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं, की घरात पैसा येतो आहे, मग तो माझ्या हातून आला काय आणि तुझ्या हातून आला काय. हेच मला सहन होत नाही. दुष्ट असता तर निदान तिला शिव्या देता आल्या असत्या.

ती पुन्हा जिनात गेली नाही. रानोमाळ कापूस वेचायला जाऊ लागली. एका हंगामात तिचं अंग वाळून गेलं. उकंडरावाला वाढायची, त्याचे कपडे धुवायची, पण त्याच्याशी हसणं संपलं. तो काही दिवस फाटकाशी थांबायचं विसरला नव्हता; सवयीनं थांबायचा, मग आठवायचं, मग एकटाच घरी यायचा. हाजराबी घरोघरी गाद्या-रजया भरून देऊ लागली. तिनं पंचफुलाबाईला एका शब्दानं दोष दिला नाही. पण तिची पोरं पंचफुलाबाईच्या ओट्यावर जेवायची बंद झाली. बोलवलं तरी येत नसत.

लढाई सुरू झाली. तेल, कापड, सगळं महाग झालं. प्रेसवाल्यांची ती वाढ महागाईनं खाऊन टाकली. बेचाळीसच्या आधीच्या हंगामात त्यांनी महागाईचे पैसे मागितले आणि पुन्हा संप पुकारला. या वेळी आधीपासूनच सगळ्यांना ठाऊक होतं, की बाया निघाल्याशिवाय काही होत नाही. पण आतल्या बाया दोन-दोन यंत्रांवर पिचून गेल्या होत्या आणि युनियनवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्या ना संपात आल्या ना कामावर गेल्या, काय होतं ते बघत घरीच थांबल्या. उकंडराव पुन्हा पाटावर बसला आणि पंचफुलाबाईला म्हणाला, "तुह्या शब्दाले मान हाये."

"होता," ती म्हणाली, आणि पुढचं वाढलं नाही.

त्याच आठवड्यात उदयसिंग तिच्या दारी आला. मालकाचा निरोप होता: पंचफुलाबाईनं सगळ्या बायांना घेऊन आत यावं. तिनं बायांची मुकादम व्हावं. एकीला एकच यंत्र. मागे कमी केलेल्या सगळ्या बाया परत घेऊ.

"अन् हाजराबी?"

"तिले सगळ्यात पयले."

तुम्ही म्हणाल, तिनं मालकाचं का ऐकलं? मालकाला गरज होती म्हणून तो गोड बोलत होता, हे तिला कळत नव्हतं का? कळत होतं. पण एवढी वर्षं तिच्या मनात एकच काटा होता. साऱ्या जणी आत जाऊ, हे ती बोलली होती आणि ते खोटं ठरलं होतं. आता ते खरं करायची सोय आयती दारात चालून आली होती. ती युनियनकडून आली की सैतानाकडून, याची तिला पर्वा नव्हती. तिनं माझ्या आईला हाजराबीकडे पाठवलं. आईनं निरोप सांगितला. हाजराबी रजईला टाके घालत होती. टाका पुरा करून म्हणाली, "येतो मी गेटावर."

आईनं येऊन सांगितलं तेव्हा पंचफुलाबाईनं आनंदानं तिला मिठीच मारली.

सकाळी सगळ्या बाया निघाल्या, पुढे पंचफुलाबाई. फाटकासमोर संपवाले ओळीनं रस्त्यावर बसलेले. बायांना येताना बघून त्यांचे चेहरे उतरले. आपल्याच बायका, आपल्याच भावजया. आणि त्या ओळीच्या अगदी टोकाला, पुरुषांपासून जरा अंतर ठेवून, हाजराबी मातीत बसली होती.

पंचफुलाबाईला वाटलं, वाट पाहत बसली असेल. तिनं हात पुढे केला. "उठ हाजरा. चाल."

"मी नाही येत."

"काहून?"

"संप हाये."

"त्याइचा संप हाये! ज्याइनं तुले हाकललं त्याइचा!"

"त्याइचा नाही, माहा," हाजराबी म्हणाली. "तू मले बाहेर आनलं ना? संप सुटल्यावर मधात जाऊ म्हनली होती. त्याइचा सुटला, तुमचा सुटला. माहा कोनं सोडवला? कोनी आलं मले विचाराले? मी तवापासून बाहेरच हावो. आता मालकानं चोरवाटेनं बोलावलं म्हनून जाऊ?"

आई सांगायची, त्या क्षणी पंचफुलाबाई खाली बसणारच होती. तिचे गुडघे वाकलेही होते. ती हाजराबीजवळ बसली असती तर मागच्या सगळ्या बाया बसल्या असत्या, आणि मग तो संप कोणाचा झाला असता, कोण जाणे. पण तेवढ्यात उकंडराव ओळीतून उठला. त्याचा चेहरा खुलला होता. बायांकडे हात करून तो ओरडला, "पाहा, पाहा! हाजराबी बी आपल्या युनियनकून हाये!"

हाजराबी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तू गप बस." पण ते पंचफुलाबाईच्या कानावर गेलं नाही. तिनं फक्त त्याचं ते हसू बघितलं. मिरवणुकीच्या दिवशी गुलालातून जे बघून तिनं ओवाळलं होतं, तेच. तिचं डोकं फिरलं. ती सरळ झाली आणि ओळ ओलांडून फाटकातून आत गेली. मागोमाग सगळ्या बाया गेल्या.

भोंगा वाजला, यंत्रं सुरू झाली. दुपारपर्यंत रुईचे ढीग लागले. ऊन कलायच्या आत पुरुषांची ओळ मोडली. एकेक जण मान खाली घालून जुन्याच मजुरीवर प्रेसमध्ये शिरला. उकंडराव सगळ्यात शेवटी गेला. महागाईचे पैसे तर राहिलेच; युनियन त्या दिवशी जी बसली ती कित्येक वर्षं उठली नाही. पुढच्याच हंगामात मालकानं बायांना परत दोन-दोन यंत्रं दिली. विचारायला कोण होतं?

संध्याकाळी पंचफुलाबाई कापसाच्या धुळीनं पांढरी होऊन बाहेर आली. रस्ता मोकळा होता. हाजराबी तिथेच बसलेली होती, एकटी.

"भेटली का जागा?" तिनं विचारलं.

"भेटली."

"बरं झालं," हाजराबी म्हणाली. पदर झटकून उठली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाया कामावर आल्या, तेव्हा ती पुन्हा तिथेच येऊन बसली होती.